ड्रम नागपुरात, बाकी सगळे गावात

प्रति,
मा. संपादक,
स. न.

विषय : ग्रामीण भागातल्या पॉप पंक बँडचा पहिला अल्बम आणि त्याचा खर्च

महोदय,

आपल्या तरुणांच्या पुरवणीत अलीकडे गिटार-ड्रम वाजवणाऱ्या बँडविषयी मजकूर येतो, ही चांगली गोष्ट आहे. यवतमाळ, वर्धा, अमरावती जिल्ह्यांतल्या तालुक्याच्या गावी पॉप पंक (गिटार-ड्रमवरचे, जलद लयीचे, ओरडून गायचे संगीत) वाजवणारी पोट्टी आता नवलाची राहिलेली नाहीत. पण अशा मजकुराचा शेवट बहुधा एकाच सल्ल्याने होतो : पहिला अल्बम करायचा तर पैसे साठवा आणि पुण्या-मुंबईचा स्टुडिओ गाठा. या सल्ल्यापायी दहा गाण्यांचे पैसे तीन गाण्यांत संपतात आणि बाकीची सात मोबाइलमध्येच पडून राहतात. आमचे म्हणणे असे की या संगीतात स्टुडिओ लागतो तो फक्त ड्रमसाठी. तोही तीन दिवस, आणि त्यासाठी नागपूर-अमरावतीच्या पलीकडे जायचे कारण नाही. उरलेले काम गावात, एका खोलीत, रात्रीच्या वेळी व्यवस्थित होते. ते कसे आणि कुठे बिघडते, एवढेच या पत्रात सांगायचे आहे. पत्र लांबले आहे. जागेअभावी काही कापावे लागले तर गिटारचा भाग कापावा, अर्थिंगचा कापू नये.

आधी खर्चाविषयीचा एक गैरसमज. रामोन्स या न्यूयॉर्कच्या बँडचा पहिला अल्बम १९७६चा. चौदा गाणी, सुमारे २९ मिनिटे, आठवडाभराचे काम आणि खर्च साधारण ६,४०० डॉलर. मोठ्या कंपन्यांच्या त्या काळच्या अल्बमांपुढे ही रक्कम किरकोळच होती. ग्रीन डेचा पहिला अल्बम १९९०चा. तो सॅन फ्रान्सिस्कोत नववर्षाच्या आगेमागे काही दिवसांत झाला आणि खर्च ७०० डॉलरच्या आत राहिला. हे जमले कारण गाणी आधीच स्टेजवर वाजून वाजून पक्की झाली होती. रामोन्स १९७४पासून तिथल्या एका छोट्या क्लबात तीच गाणी वाजवत होते. स्टुडिओत जाऊन गाणे 'बसवत' बसणे ही चैन आहे, आणि तिचे मीटर तासावर पडते.

म्हणून तयारी घरी. अल्बमसाठी दहा ते बारा गाणी आणि एकूण ३० ते ३५ मिनिटे पुरतात. तालमीत मात्र पंधरा-सोळा गाणी घ्यावीत, म्हणजे कच्ची टाकून देता येतात. प्रत्येक गाण्याची लय आकड्यात ठरवावी. पॉप पंक साधारण मिनिटाला १६० ते २०० ठोक्यांत चालते. १८०ची लय म्हणजे सेकंदाला तीन ठोके आणि हाय-हॅटवर (पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी) सहा आघात. तालीम मोबाइलवर मुद्रित करून मोजली की कळते : कडवे १७४वर चाललेले असते आणि धृपद आले की सगळे १८६वर पळतात. थोडे पळणे चांगलेच. क्लिकमध्येच (लय दाखवणारी यंत्राची टिक-टिक) धृपदाची लय दोन-तीन ठोक्यांनी वाढवून ठेवावी, तेवढ्याने गाण्यात जीव येतो. बारा ठोक्यांचा फरक म्हणजे निव्वळ घाई. ड्रमरने महिनाभर रोज क्लिकसोबत बसावे, पहिले आठ दिवस ठरलेल्या लयीपेक्षा वीसने कमी ठेवून. संथ लयीत हात चुकतो कुठे ते दिसते, जलद लयीत ते झाकले जाते. प्रत्येक गाण्याचा एक कागद करावा : लय, पट्टी, कडव्याचे किती बार, धृपदाचे किती, कुठे सगळे थांबतात. या कागदाने स्टुडिओतला निदान अर्धा दिवस वाचतो.

पट्टी गायकाच्या गळ्यावरून ठरते, गिटारवाल्याच्या सोयीवरून नाही. धृपदातला सर्वांत वरचा सूर गायकाच्या शेवटच्या सुराच्या एक-दीड सूर खाली असावा, कारण तो सूर त्याला एका रात्रीत वीस वेळा लावायचा आहे. गळा ताणला जात असेल तर सगळी गिटार अर्धा सूर उतरवून खालची तार काळी दोनला लावावी. तारा मग थोड्या जाड हव्यात : नेहमीच्या १०-४६ (सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेचे माप) ऐवजी १०-५२ किंवा ११-५४. शब्दांचीही एक अडचण आधीच बघावी. १८०च्या लयीत सेकंदाला सहा अक्षरे येऊ शकतात. 'राष्ट्र', 'स्वातंत्र्य' यांसारखी जोडाक्षरे तिथे चिरडतात. ओळीचा शेवट आ किंवा ए वर आला तर तो लांब ओढून ओरडता येतो, आणि या बाबतीत वऱ्हाडीतले 'मले-तुले' पुस्तकी 'मला-तुला'पेक्षा काही कमी नाही. पोरे उगाच पुणेरी मराठीत लिहितात.

आता ड्रम. पैसा इथेच का टाकायचा? गिटार, बास आणि गायकाचा आवाज एकेका मायक्रोफोनवर किंवा सरळ केबलने घेता येतात. ड्रमला एकाच वेळी दहा-बारा मायक्रोफोन, तेवढेच इनपुट आणि उंच छताची खोली लागते. ते गावात उभे करण्याचा खर्च तीन दिवसांच्या भाड्याच्या कितीतरी पट होतो. आणि ड्रम खराब झाला तर वरचे सगळे खराब होते, नंतर काहीही केले तरी तो सुधारत नाही.

स्टुडिओ ठरवताना फोनवर एवढे विचारावे : एकाच वेळी किती इनपुट, म्हणजे किती मायक्रोफोन लावता येतात (बारा असावेत, आठवर कसेबसे भागते), इंजिनीअर भाड्यात धरलेला आहे की वेगळा, ड्रम किट कोणता, आणि हेड (ड्रमवरचे ताणलेले पडदे) किती जुने. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा 'चांगले आहेत' असे येते. त्यावर विसंबू नये. जुन्या हेडवर मध्यभागी खड्डा पडलेला असतो. तो कितीही ताणला तरी टॉम (किटमधले मधल्या आकाराचे ढोल) डब्यासारखा वाजतो. वरच्या बाजूचे हेड स्वतः न्यावेत : २२ इंची किकसाठी (पायाने वाजवायचा मोठा ढोल) एक, टॉमसाठी १२, १३ आणि १६ इंची (किटचे माप आधी विचारून), आणि १४ इंची स्नेअरसाठी (खाली तारा असलेला, कडक आवाजाचा ढोल) दोन, कारण दहा गाण्यांत एक जातेच. सोबत ५बी मापाच्या काठ्यांच्या सहा जोड्या, दोन ड्रम-चाव्या, किकमध्ये ठेवायला छोटी उशी, पेडलसाठी तेल आणि खाली अंथरायला जाड सतरंजी. सतरंजी नसेल तर किक प्रत्येक गाण्यात दोन बोटे पुढे सरकते आणि मायक्रोफोनचे अंतर बदलत राहते.

हेड बसवताना सगळे स्क्रू आधी हाताने घट्ट करावेत. मग समोरासमोरचे, म्हणजे एक इकडचा तर पुढचा त्याच्या बरोबर समोरचा, अर्धा-अर्धा फेरा. ओळीने फिरवत गेले तर हेड एका बाजूला खेचले जाते आणि सूर लागत नाही. मध्यभागी तळहाताने दाबून ते ताणून घ्यावे आणि पुन्हा लावावे. नवे हेड पहिले काही तास सैल होत राहते, म्हणून पहिल्या दिवशी दुपारपर्यंत मुद्रणाची घाई करू नये. स्नेअरचा सूर दर दोन-तीन टेकनंतर (टेक म्हणजे एकदा केलेले सलग मुद्रण) तपासावा. हे टाळले की पहिल्या गाण्यातला स्नेअर आणि दहाव्यातला स्नेअर दोन वेगळ्या माणसांचे वाटतात.

मायक्रोफोनची मांडणी इंजिनीअर करेल, पण काय चालले आहे ते बँडला कळायला हवे. किकमध्ये एक, स्नेअरच्या वर एक आणि खाली एक, प्रत्येक टॉमला एक, वरून दोन, आणि खोलीत लांबवर एक किंवा दोन. खालचा स्नेअर मायक्रोफोन उलट दिशेने ऐकतो, त्यामुळे त्याची फेज (लहरीची वर-खाली दिशा) उलटवावी लागते. विसरले तर दोन्ही मिळून स्नेअर पातळ होतो. वरचे दोन मायक्रोफोन स्नेअरच्या मध्यापासून सारख्याच अंतरावर हवेत. ते सुतळीने मोजावे, नजरेने नाही. आवाज एका मिलिसेकंदात जेमतेम ३५ सेंटिमीटर जातो. एक मायक्रोफोन वीतभर लांब राहिला तरी स्नेअर एका बाजूला सरकतो आणि मोबाइलच्या एका स्पीकरवर अशक्त ऐकू येतो.

आपल्याकडच्या ड्रमरांचा एक ठरलेला दोष आहे, तो इथे बाहेर पडतो. मंडपात आणि मोकळ्या मैदानात वाजवायची सवय असल्यामुळे झांजांवर जोर जास्त आणि स्नेअर-किकवर कमी पडतो. मैदानात ते चालून जाते. स्टुडिओत प्रत्येक मायक्रोफोनमध्ये हाय-हॅट आणि क्रॅश या झांजा भरून बसतात आणि नंतर स्नेअर वाढवला की झांजही वाढते. उपाय तालमीतच करायचा : झांजा चार बोटे उंच लावाव्यात, त्यांना हलके मारावे, स्नेअरला मात्र प्रत्येक वेळी मध्यावर, सारख्याच ताकदीने. हे आठ दिवसांत सुधारत नाही. महिनाभर लागतो.

क्लिक ड्रमरच्या कानात बंद हेडफोनमधून जातो. तो मोठा ठेवला की वरच्या मायक्रोफोनमध्ये झिरपतो. गाण्याच्या शेवटी क्रॅश विरत असताना टिक-टिक स्पष्ट ऐकू येते, म्हणून शेवटच्या आघातानंतर क्लिक बंद व्हावा असे आधीच लावून ठेवावे. गिटारवाला सोबत वाजवतो, पण ती गिटार फक्त ड्रमरला आधार म्हणून. ती अल्बममध्ये राहणार नाही, हे त्याला समजावून सांगावे, नाहीतर त्याच्या चुकीपायी चांगला ड्रम टेक थांबवला जातो.

तीन दिवसांची वाटणी : पहिल्या दिवशी मांडणी, सूर आणि दोन सोपी गाणी, दुसऱ्या दिवशी चार, तिसऱ्या दिवशी चार. सर्वांत जलद गाणे दुसऱ्या दिवशी सकाळी घ्यावे, तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मनगट उरत नाही. प्रत्येक गाण्याचे तीन ते पाच पूर्ण टेक पुरेत. मुद्रण २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर करावे आणि सर्वांत जोराचा आघात उणे १० ते उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असा गेन (आत येणारा आवाज वाढवायचे प्रमाण) ठेवावा. लाल दिवा लागलेला टेक कितीही चांगला असला तरी बाद. या हिशेबाने एका ट्रॅकचे (एका मायक्रोफोनच्या मुद्रणाचे) एक मिनिट साडेआठ एमबीच्या थोडे वर जाते. बारा ट्रॅक, तीन मिनिटांचे गाणे, पाच टेक, दहा गाणी, असे साधारण १५ जीबी होतात. दोन वेगळ्या डिस्कवर दोन प्रती घ्याव्यात आणि परतताना त्या दोन वेगळ्या माणसांच्या पिशवीत असाव्यात.

गावी आल्यावर पहिला प्रश्न विजेचा. गिटारमधून घूं असा आवाज येतो तो ५० हर्ट्झचा आणि त्याच्या पटींचा. त्याचे सर्वांत मोठे कारण अर्थिंग. जुन्या घरांत बोर्डाला तिसरे भोक असते, पण मागे तारच नसते. मल्टिमीटरने बघावे : फेज आणि न्यूट्रलमध्ये २३०च्या आसपास, फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढेच, आणि न्यूट्रल व अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ भलतेच कमी दाखवत असेल किंवा न्यूट्रल-अर्थ वीस-तीस व्होल्ट दाखवत असेल तर त्या बोर्डावर काहीही लावू नये. अर्थिंगचा खड्डा असला तरी आपली काळी जमीन उन्हाळ्यात सुकून भेगाळते आणि प्लेटचा मातीशी संबंध तुटत जातो. खड्ड्यात दोन-तीन बादल्या पाणी ओतले की न्यूट्रल-अर्थचा आकडा खाली येतो. नवा खड्डा, कोळसा-मीठ, जाड तार हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करवावे आणि सोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्यावा.

यात आवाजाच्या दर्जापेक्षा मोठी गोष्ट आहे. गायकाच्या हातात गिटारच्या तारा असतात आणि ओठ मायक्रोफोनच्या लोखंडी जाळीला लागतात. गिटारचा अँप एका बोर्डावर आणि मायक्रोफोनची यंत्रणा दुसऱ्या बोर्डावर असेल, त्यातल्या एकाला अर्थिंग नसेल, तर झटका ओठातून हातात जातो. घूं बंद व्हावी म्हणून प्लगची जाड पिन तोडणारे महाभाग आहेत. पिन तोडल्यावर घूं कधी कधी खरेच थांबते, म्हणून हा उपाय गावोगाव पसरला आहे. तो जीवघेणा आहे. सगळी यंत्रणा एकाच बोर्डावरून घेतली की बहुतेक घूं तशीही जाते.

उरलेली कुरकुर पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरची, स्वस्त एलईडी दिव्यांची आणि इन्व्हर्टरची. चौकोनी लहरीचा इन्व्हर्टर गिटारमध्ये हमखास भरर्र करतो. लाईट गेल्यावर काम चालू ठेवायचे असेल तर शुद्ध साइन लहरीचाच लागतो. सोपी युक्ती अशी की लॅपटॉप बॅटरीवर चालवावा, इंटरफेस (गिटार-मायक्रोफोन लॅपटॉपला जोडणारी पेटी) त्याच्याच यूएसबीवर, आणि चार्जर काढून ठेवावा. मग टेक चालू असताना लाईट गेली तरी काही बिघडत नाही. शेतातले पंप सुरू होण्याच्या वेळी व्होल्टेज खाली जाते आणि स्टॅबिलायझरच्या आतला रिले टक करतो, तो आवाज थेट टेकमध्ये येतो. पंपांच्या पाळीचे वेळापत्रक गावात सगळ्यांना पाठ असते, त्याप्रमाणे रात्र निवडावी.

महिना कोणता? आमचे उत्तर पौष. पौषात लग्नतिथी नसतात, म्हणून डीजे नाही आणि वरातही नाही. पंखा लागत नाही, कूलर तर नाहीच. बेडूक-रातकिडे गप्प असतात. झाडीपट्टीतल्या (पूर्व विदर्भातल्या) बँडांना एक अडचण येते : तिकडे नाटकांचा हंगाम दिवाळीपासून होळीपर्यंत चालतो आणि चांगले साउंडवाले त्या काळात वडशाच्या (जि. गडचिरोली) नाटक कंपन्यांबरोबर बाहेर असतात. ड्रमचे काम म्हणूनच दिवाळीपूर्वी उरकून पौषात बाकीचे घ्यावे. एप्रिल-मे मात्र टाळावा. पंचेचाळीस अंशांत लॅपटॉप तापून मंदावतो, आवाजात कट-कट येते, घामाने तारा दोन गाण्यांत मरतात, आणि कूलर लावावा तर त्याच्याच आवाजात सगळे बुडते. पत्र्याच्या खोलीत आणखी एक त्रास : दिवसा तापलेला पत्रा रात्री थंड होताना टक-टक वाजतो. कौलारू, मातीच्या भिंतीची खोली सर्वांत बरी. कौलांतून आवाज बाहेर निसटतो, भिंती खडबडीत असतात, त्यामुळे घुमणे कमी. मंगल कार्यालयाचा किंवा समाजमंदिराचा हॉल फुकट मिळतो म्हणून तिकडे जाऊ नये. दोन सेकंद घुमणाऱ्या हॉलमध्ये १८०च्या लयीचे सहा ठोके एकमेकांवर चढतात.

खोली शांत करायला आपल्याकडे कापूस आहे आणि तो खरेच चांगला आहे. चार इंच जाडीच्या कापसाच्या गाद्या भिंतीपासून चार इंच सोडून दोरीवर टांगाव्यात, गायकाच्या मागे आणि दोन्ही बाजूंना. मध्ये जागा सोडल्याने तीच गादी आणखी खालचा आवाज शोषते. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवण्याचे खूळ सोडावे, पातळ पुठ्ठ्याने फारसे काही होत नाही. जिनिंगमधली गठाण आणण्याचाही विचार कोणी करू नये : १७० किलोची, दाबून दगड केलेली, ती आवाज शोषण्याऐवजी परत फेकते. सरकीचा मोकळा कापूस तर नकोच, त्यात किडे आणि आगीची भीती. गाद्या गरम अँपपासून आणि दिव्यापासून हातभर लांब ठेवाव्यात, खोलीत बिडी-सिगारेट नाही. आणि हे लक्षात असावे की १०० हर्ट्झची लहर साडेतीन मीटरच्या आसपास लांब असते, चार इंची गादी तिला अडवत नाही. या खोलीत स्पीकरवर बासचा निवाडा करू नये.

बास आधी, मग गिटार. बास सरळ केबलने इंटरफेसमध्ये, नव्या तारांवर, पिकने (तार छेडायच्या चकतीने), सगळे आघात वरून खाली. दोन रात्री पुरतात.

गिटारसाठी मोठा अँप नसला तरी अडत नाही. गिटार इंटरफेसच्या 'इन्स्ट्रुमेंट' इनपुटमध्ये लावून कोरी मुद्रित करावी आणि अँपचा आवाज नंतर सॉफ्टवेअरमधून द्यावा. 'लाइन' इनपुटमध्ये लावली तर पिकअपवर (तारेचा कंप टिपणारा गिटारवरचा भाग) भार पडतो आणि वरचे सूर मरतात. नंतर ट्रेबल कितीही वाढवले तरी ते परत येत नाहीत. ब्रिजजवळचा (तारा जिथे टेकतात त्या पट्टीजवळचा) हंबकर, म्हणजे दुहेरी गुंडाळीचा, पिकअप वापरावा. बफर (लॅपटॉप एका वेळी उचलतो तेवढा आवाजाचा तुकडा) १२८ सँपलवर ठेवला तर विलंब जाणवत नाही. १०२४वर ठेवला की जाताना आणि येताना मिळून ४० मिलिसेकंदांच्या वर जातो आणि चांगला वाजवणाराही लयीबाहेर वाटतो. दोष त्याचा नसतो.

पॉप पंकची गिटार रुंद ऐकू येते ती एकच भाग दोनदा वाजवून, एक पूर्ण डावीकडे आणि दुसरी पूर्ण उजवीकडे टाकल्यामुळे. एकच टेक कॉपी करून दोन्हीकडे टाकला तर काहीच होत नाही. तो मध्यभागी, फक्त मोठ्याने ऐकू येतो. खरोखर दोनदा वाजवावे लागते आणि दोन्ही वेळा तळहाताने तार दाबणे, सोडणे, थांबणे त्याच जागी यावे लागते. गेन आपल्याला हवा वाटतो त्याच्या दोन-तृतीयांश ठेवावा, कारण दोन गिटार मिळून खरखर आपोआप वाढते. जास्त गेनमध्ये कॉर्ड कोणता ते कळेनासे होते.

सुराचे म्हणाल तर प्रत्येक टेकच्या आधी तार लावावी, आणि ट्यूनरवर ती टेकमध्ये मारणार तेवढ्याच जोराने मारून लावावी. जोरात मारलेली तार क्षणभर वर चढते. हळू छेडून लावलेली गिटार मग अख्ख्या गाण्यात थोडी चढलेली वाटते. बाराव्या पडद्यावरचा हार्मोनिक आणि तिथेच दाबलेला सूर जुळला पाहिजे. दाबलेला चढत असेल तर ब्रिजवरचा सॅडल (तार टेकते तो तुकडा) मागे, गिटारच्या गळ्यापासून दूर सरकवावा, उतरत असेल तर पुढे. हे काम नव्या तारा बसवल्यावर करायचे, जुन्यांवर केलेले वाया जाते. जाड तारांनी गिटारचा गळा वाकला तर ट्रस रॉड (गळ्यातली लोखंडी सळई) एका वेळी पाव फेराच फिरवावा आणि रात्रभर थांबावे. एका गाण्याला दोन तास धरले तर दहा गाण्यांना पाच-सहा रात्री लागतात.

गायकाच्या आवाजासाठी महाग कंडेन्सर मायक्रोफोन भाड्याने आणला जातो आणि तो गल्लीतले कुत्रेसुद्धा टिपतो. ओरडून गायच्या या गाण्यांना साधा डायनॅमिक, एसएम ५७ किंवा ५८च्या जातीचा, जास्त बरा. तोंडापासून चार ते सहा इंच, मध्ये पॉप फिल्टर (श्वास अडवणारी जाळी), आणि मायक्रोफोन किंचित तिरपा. मराठीत भ, फ, घ, ध यांचा श्वास जोरात सुटतो आणि समोर धरलेल्या मायक्रोफोनमध्ये तो धप्प आदळतो. धृपद दोनदा गाऊन एकावर एक ठेवावे, कडवे एकेरीच राहू द्यावे. एका रात्री दोन गाणी, तीन तासांच्या वर ओरडणे नाही, कोमट पाणी. बसलेल्या गळ्याने काढलेला टेक कोणत्याही सॉफ्टवेअरने सरळ होत नाही.

सगळे मिळून ओरडायच्या ओळी हे या संगीताचे वैशिष्ट्य, आणि विदर्भातल्या गावांना इथे कोणाची उसनवारी करावी लागत नाही. खंजिरी भजनाच्या मंडळातली माणसे ओळ झटकन उचलतात, एकाच क्षणी सोडतात आणि थकत नाहीत. आठ-दहा जण एका मायक्रोफोनपासून पाच फुटांवर अर्धवर्तुळात उभे करावेत, सर्वांत मोठ्या आवाजाचे मागे. चपला बाहेर, बांगड्या-घड्याळे काढून, खाली सतरंजी. तीच ओळ चार वेळा घ्यावी आणि दर वेळी जागा बदलावी : तीस-चाळीस माणसांचा आवाज होतो. एका संध्याकाळी दहाही गाण्यांचे काम उरकते.

मिक्सिंगबद्दल (सगळे ट्रॅक एकत्र जुळवण्याबद्दल) थोडक्यात. ते स्वतः करू नये, बँडबाहेरच्या माणसाला द्यावे. गिटारवाला गिटारच वाढवतो. पाठवताना प्रत्येक ट्रॅक शून्य सेकंदापासून सुरू होणारा, नाव लिहिलेला, लय लिहिलेला, कोणताही इफेक्ट न लावलेला असावा. आलेले मिक्स एका स्पीकरच्या मोबाइलवर आणि काळ्या-पिवळीच्या टेपवर ऐकावे. तिथे आवाजाचे शब्द आणि स्नेअर कळले तर बाकीचे जुळते. मास्टर (अंतिम प्रत) करताना 'सगळ्यांत मोठा' करण्याचा हट्ट धरू नये. ऑनलाइन सेवा गाण्यांची पातळी उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजायचे एकक) आसपास आणून ठेवतात, त्यामुळे चेपून मोठे केलेले गाणे तिथे खालीच येते आणि चेपलेलेही राहते. शिखर उणे १ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नये.

कागदपत्रे मित्रांत नकोशी वाटतात, म्हणून ती पहिल्या टेकच्या आधी करावीत. भारतीय कायद्यात गीताचे शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे असतात. कायदा १९५७चा, आणि २०१२च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा आणखी पक्का केला. प्रत्येक गाण्यासाठी एक कागद : शब्द कोणाचे, चाल कोणाची, टक्के किती, ध्वनिमुद्रणाचे मालक कोण, सह्या. गीतकार-संगीतकारांनी आयपीआरएसचे (त्यांची रॉयल्टी गोळा करून वाटणारी संस्था) सभासद व्हावे. प्रत्येक मुद्रणाला बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी, म्हणजे त्या मुद्रणाची ओळख सांगणारा, क्रमांक लागतो. गाणी ऑनलाइन चढवणारे वितरक तो बहुधा देतात. गाण्याच्या शब्दांचे स्पेलिंग, कलाकारांची नावे आणि क्रम एकदा चढले की दुरुस्त व्हायला आठवडे जातात, म्हणून ते आधी दोघांनी तपासावे.

स्टुडिओशी बोलतानाही लेखी घ्यावे की तयार स्टिरिओ फाइलबरोबर सगळ्या वेगवेगळ्या ट्रॅकच्या फाइलीही बँडला मिळतील. काही ठिकाणी त्या अडकवून ठेवल्या जातात आणि नंतर मिक्स बदलायचे म्हटले की नवे पैसे मागितले जातात. शेवटचा हप्ता हातात राखून ठेवावा. आधी डिस्क लॅपटॉपला लावून प्रत्येक गाण्याचे बाराही ट्रॅक उघडून ऐकावेत, मग हप्ता द्यावा.

आपले,
ध्वनिमुद्रण, वाद्यदुरुस्ती आणि मंडपाच्या साउंडचे काम करणारे काही जण
ता. दारव्हा, जि. यवतमाळ